फॉर्म भरायच्या दुकानासाठी जुन्या पार्टचा पीसी: एनव्हीएमई टाकावी का?

भाऊ, सेलूला ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायलात, मॉनिटर घरचाच आहे, हातात १५ हजार, अन् एच ८१ बोर्ड आणि चौथ्या जनरेशनचा आय फाइव्ह स्वस्तात भेटायलाय, त्याला एनव्हीएमई (हार्डडिस्कच्या जागी लागणारी सगळ्यात वेगवान एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकली तर पळेल का असं विचारलंत. जुगाड करून पळेल. पण तो बोर्ड घेऊ नका म्हणतो मी.

कारण विंडोज. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलमध्ये अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून पुढंच, टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी चिप) पण लागतं. जुगाड करून जुन्यावर बसवता येतं, घरी ठीक आहे, पण तुमच्या दुकानात लोकांचे आधार, पासबुक, सातबारा त्या मशीनवर येणार, अंगठ्याचं मशीन त्याला लागणार, तिथं जुगाड नको. पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला बाहेर रांग असताना अपडेटमधी मशीन अडकलं तर काय करणार?

आता एनव्हीएमईचं. साधी हार्डडिस्क सेकंदाला १००-१५० एमबी देते, साटा एसएसडी (हार्डडिस्कच्याच केबलवर चालणारी) साधारण ५५०, जेन ३ ची, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या जोडणीची एनव्हीएमई ३५०० पर्यंत. हे आकडे बघून लोक तिच्यामागं लागतात, पण ते एकच मोठी फाईल सलग वाचतानाचे आहेत. विंडोज चालू होताना, क्रोम उघडताना हजारो बारक्या फायली वाचाव्या लागतात, तिथं हार्डडिस्कचं हेड दरवेळी जागा शोधत फिरतं, एकेका वेळेला १० मिलिसेकंदाच्या आसपास जातात, म्हणून ती १ एमबीच्या आसपास येऊन पडते आणि साटा एसएसडी तिथं पण २५-४० देते, एनव्हीएमई ४०-६०. खरी उडी हार्डडिस्कवरून एसएसडीवर आहे, पुढचा फरक फॉर्म भरताना कळणार पण नाही. त्यात एच ८१ बोर्डावर डेटा जायच्या वाटा (लेन) जेन २ च्या, म्हणजे अजून हळू, आणि जुन्या बऱ्याच बोर्डांचं बायोस (मशीन चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून विंडोज चालूच करत नाही, मग पेनड्राइव्हवर क्लोव्हर नावाचं बूट करून देणारं सॉफ्टवेअर टाकून चालवत बसा.

त्यापेक्षा कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेलं अख्खं मशीन बघा, आय फाइव्ह ८५०० वालं. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० किंवा ७०६०, एचपी एलिटडेस्क ८०० जी ४, लेनोवो थिंकसेंटर एम ७२०. सहा कोर, डीडीआर ४ रॅम, एनव्हीएमईचा स्लॉट बोर्डावरच. बजेट थोडं ताणावं लागेल, पण हार्डडिस्क नको म्हणा अन् तेवढा भाव पाडा. बाकी सगळं जुनं चालेल, एसएसडी मात्र नवीच घ्या, २५६ जीबी पुरे, कारण ती लिहून लिहून झिजते. पैसे कमी पडले तर साटा एसएसडी घ्या अन् उरलेले रॅमला लावा, ८ जीबी तरी पाहिजेच, ४-४ च्या दोन काड्या असल्या तर एका ८ पेक्षा बऱ्या, ड्युअल चॅनल चालतं, म्हणजे दोन्ही काड्या एकदम वापरल्या जातात.

सुटे पार्टच जमवायचे असतील तर सहाव्या, सातव्या अन् आठव्या तिन्ही जनरेशनचं सॉकेट ११५१ च आहे, आठवीचा प्रोसेसर सहावी-सातवीच्या एच ११० बोर्डात बसतो पण चालू होत नाही, त्याला ३०० सिरीजचाच बोर्ड लागतो. दुकानदार म्हणेल बसतंय की, ऐकू नका.

पैसे द्यायच्या आधी बायोसमधी जाऊन बघा, ऑफिसच्या मशीनला कधी कधी पासवर्ड टाकलेला असतो अन् तो निघता निघत नाही. मेमटेस्ट (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) एकदा पूर्ण होऊ द्या. एम डॉट टू स्लॉट (एनव्हीएमई ज्यात बसते ती बोर्डावरची खाच) दिसला म्हणजे एसएसडीचाच असं पण नाही, बारका वायफायचा असतो.

यूपीएस मात्र पहिल्या दिवसापासून लावा, आपल्याकडं उन्हाळ्यात लाईटचं काही खरं नसतं अन् लिहिता लिहिता करंट गेला की एसएसडीवरचा डेटा खराब होऊ शकतो. मशीन पसंत पडलं की मॉडेल नंबर अन् आतला फोटो इथंच टाका, बघून सांगतो.