ताट वेगळं केलं, टेस्ट राहिली

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मिस्टरांनी मागच्या महिन्यात रक्तदान केलं तर ब्लड बँकेतून बोलावणं आलं, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आहे म्हणे. त्रास काहीच नाही, डोळेसुद्धा पिवळे नाहीत. सासूबाईंनी त्यांचं ताट-पेला वेगळा केलाय, हळद-तेल बंद, आणि रविवारी काविळीची माळ घालायला न्यायचं म्हणतायत. मला आणि दोन्ही मुलांना धोका आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: ताई, ते ताट आधी परत मांडणीत ठेवा. आपल्याकडे कावीळ म्हटलं की पाण्यातून होणारीच डोळ्यासमोर येते, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, त्यासाठी पाणी उकळणं बरोबरच आहे, पण बी पसरते रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला, एकत्र जेवून नाही. आणि डोळे पिवळे न होता ती वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हरमध्ये बसू शकते. अमिताभ बच्चन स्वतः सांगतात, 1982 च्या अपघातात चढवलेल्या रक्तातून त्यांना झाली आणि कळलं थेट 2000 च्या सुमारास.

आता तुमचं. तुम्ही आणि मुलांनी एचबीएसएजी टेस्ट (हिपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, हे सगळ्यात आधी, खरंतर ताट वेगळं केलं त्याच दिवशी व्हायला हवं होतं. मुलांचं लसीकरणाचं कार्ड शोधा, जन्मतःची आणि मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची लस झालीय का बघा. तुम्ही निगेटिव्ह आलात तर तीन डोस, आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. दुसऱ्या डोसनंतर बरं वाटतंय म्हणून तिसरा विसरणारे खूप भेटतात (बरं वाटायला मुळात झालं काय होतं?). डोस पूर्ण होऊन रक्तात अँटीबॉडी तपासेपर्यंत निरोध वापरा.

वेगळं करायचं ते मिस्टरांचं रेझर, ब्रश आणि नेलकटर, कारण वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस टिकतो. सलूनमध्ये 'नवीन ब्लेड लाव रे' म्हणायची सवय लोकांना एड्सच्या भीतीने लागली, माझ्या मते त्याचा फायदा हिपॅटायटिस रोखायलाही झाला, पण घरातल्या रेझरचं कुणाच्या लक्षात येत नाही.

माळेचं म्हणाल तर ती वाढते गाठी सैल होऊन, कावीळ उतरतेय म्हणून नाही. रविवारी तिकडे जाण्यापेक्षा सोमवारी मिस्टरांना सरकारी हॉस्पिटलला न्या, 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात याची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही, लिव्हरची तपासणी आणि व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे) बघून ठरतं. हळद-तेल चालेल, दारू मात्र पूर्ण बंद.