पायथॉन बऱ्यापैकी येतं. कॉम्प्युटरवरची गाणी वाजवणारा साधा प्लेअर स्वतः बनवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

एमपी३ उलगडणारा कोड स्वतः लिहायच्या फंदात पडू नका. पायसाइड६ घ्या, म्हणजे खिडक्या-बटणं बनवून देणारं क्यूट पायथॉनमधून वापरता येतं. त्यातला क्यूमीडियाप्लेअर फाइल वाजवतो, पण त्याला आवाज स्पीकरकडे पाठवणारा क्यूऑडिओआउटपुट जोडावा लागतो. क्यूट ६ मध्ये ही जोडणी करायची राहिली तर गाणं पुढे सरकतं, आवाज मात्र येत नाही. नवख्यांचा वेळ हमखास इथेच जातो.

पहिल्या दिवशी फक्त एक खिडकी, एक बटण आणि एक गाणं. ते वाजलं की पुढचं सुचत जातं.

खरी गंमत सरकपट्टीत आहे. गाणं पुढे जाईल तशी पट्टी सरकायला हवी आणि पट्टी ओढली की गाणंही तिथे जायला हवं. दोन्ही बाजू व्हॅल्यूचेंज्डवर (पट्टीची जागा कशानेही बदलली की येणारा सिग्नल, म्हणजे सूचना) बांधल्या तर त्या एकमेकींना ढकलत बसतात आणि आवाज अडखळतो. म्हणून गाणं हलवण्यासाठी स्लायडरमूव्ह्ड वापरा. हा सिग्नल माणसाने पट्टी ओढली तरच येतो. वेळ मिलिसेकंदांत मिळते, तेव्हा दाखवताना १००० ने भागा.

क्यूट ५ मधला, गाण्यांची यादी सांभाळणारा क्यूमीडियाप्लेलिस्ट ६ मध्ये काढून टाकला आहे, त्यामुळे जुने धडे जसेच्या तसे चालणार नाहीत. माझ्या मते ते बरंच झालं. पायथॉनची साधी यादी आणि चालू गाण्याचा क्रमांक एवढं पुरतं. गाणं संपल्याची एंडऑफमीडिया ही खूण आली की क्रमांक एकने वाढवा.

गायकाचं आणि अल्बमचं नाव म्युटाजेन ही पायथॉनची लायब्ररी वाचून देते. टॅग, म्हणजे फाइलमध्येच साठवलेली ही माहिती, रिकामा असेल तर फाइलचं नाव दाखवा. मोठा फोल्डर वाचायचं काम वेगळ्या थ्रेडमध्ये (मुख्य कामाला समांतर चालणाऱ्या धाग्यात) टाका, नाहीतर खिडकी गोठते.