सहीच्या अटीतून उभा राहिलेला ‘सिंगम’

प्रश्न : हिंदी ‘सिंघम’ आम्ही घरी कितीतरी वेळा पाहिला आहे. नुकताच मूळ तमिळ ‘सिंगम’ उपशीर्षकांसह पाहिला, तेव्हा इन्स्पेक्टर कदमांचे प्रकरण त्यात मुळीच नाही आणि शेवटही निराळा आहे, हे पाहून आश्चर्य वाटले. मग भ्रष्टाचाराविरुद्धचा चित्रपट यांपैकी कोणता म्हणायचा? आणि गुंडाने पोलीस ठाण्यात जाऊन सही करण्याची अट खरोखरच असते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सारी पटकथा त्यावरच उभी आहे. अशी अट असते. आरोपीने पळून जाऊ नये आणि साक्षीदारांवर दबाव आणू नये, यासाठी जामीन देताना न्यायालय त्याला ठाण्यात हजेरी लावायला सांगू शकते. दिग्दर्शक हरी यांनी या रुक्ष बाबीतून कथानक काढले. चेन्नईचा खंडणीखोर मयिलवाहनम (प्रकाश राज) याला थूथुकुडी जिल्ह्यातील नल्लूर या गावच्या ठाण्यात सही करायची असते. तो स्वतःऐवजी आपला माणूस पाठवतो आणि सब-इन्स्पेक्टर दुरैसिंगम (सूर्या) हे चालवून घेत नाही. ज्याच्या नावाने महानगर चळचळा कापते, त्याला खेड्यातल्या फौजदारासमोर निमूट सही करावी लागते आणि त्या अपमानातून वैर पेटते. माझ्या मते चित्रपटातला सर्वांत कसदार भाग हाच. पुढची हाणामारी आणि तारस्वरातले संवाद नेहमीचेच आहेत.

मूळ चित्रपट 28 मे 2010 रोजी प्रदर्शित झाला. त्यात भ्रष्टाचार आहे, पण तो वेगळा विषय म्हणून मांडलेला नाही. खलनायक वजन वापरून नायकाची बदली चेन्नईत, म्हणजे स्वतःच्या मुलुखात करून घेतो आणि तिथे वरिष्ठांची साथही त्यालाच असते. हे सारे तिथले हवामान असल्यासारखे येते.

रोहित शेट्टी यांनी 2011 मध्ये हीच कथा महाराष्ट्र-गोवा सीमेवरील शिवगडला आणली, तेव्हा लाच घेतल्याच्या खोट्या आरोपामुळे आत्महत्या करणारे राकेश कदम आणि त्यांच्यावरील कलंक पुसण्यासाठी झगडणारी त्यांची पत्नी (सोनाली कुलकर्णी) ही भर घातली. त्यामुळे भ्रष्टाचार हा मुख्य विषय झाला तो हिंदीत. (अजय-अतुल यांचे संगीत, अशोक सराफ यांचा हवालदार आणि ‘आता माझी सटकली’ यांमुळे आपल्याला तो घरचाच वाटतो, हे वेगळे.)

शेवटाबाबत मात्र माझे मत हिंदीच्या विरोधात जाते. तमिळमध्ये नायक आंध्रपर्यंत पाठलाग करून गुंडाला मारतो; हिंदीत सारे पोलीस दल खलनायक जयकांत शिक्रेच्या घरात शिरते, त्याला गोळी घालते आणि ती आत्महत्या होती असे भासवते. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर 2023 मध्ये पोलीस सुधारणांविषयी बोलताना नेमक्या याच प्रसंगावर बोट ठेवले होते आणि यात न्याय खरोखर झाला का, असे विचारले होते. खोट्या आरोपाने एका प्रामाणिक अधिकाऱ्याचा बळी घेतला म्हणून जी कथा सुरू होते, तिचा शेवट त्याच खात्याने रचलेल्या खोट्या नोंदीवर व्हावा आणि प्रेक्षकांनी त्यावर टाळ्या वाजवाव्यात, हे मला आजही खटकते.