दुपारी दोनची झापड

वडगाव, बेळगाव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. व्हॉट्सॲपवरचाच लांबलचक मजकूर तो, पण मी त्याला पत्रच म्हणतो. जेवण झालं की दोनच्या सुमाराला डोळ्यांवर झापड येते, एकच आकडा दोनदा टाकला जातो, मग स्वतःचाच राग येतो, आणि परवा तर वॉशरूममध्ये जाऊन रडलीस. शेवटी एकच प्रश्न विचारलायस: "काका, मी आळशी झालेय का?"

नाही. पण नुसतं नाही म्हणून तुझं समाधान व्हायचं नाही. तू अकाउंट्सची पोरगी, तुला व्हाउचर लागतं. तर पहिलं व्हाउचर माझ्याच नावावरचं घे.

नव्वदच्या दशकात मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचं स्टोअर सांभाळत होतो. मार्चएण्डची स्टॉकमोजणी चाललेली, तीन रात्री धड झोप नाही. दुपारी अडीचला एक पोरगा स्लिप घेऊन आला, शाफ्टसाठी ईएन 24 जातीच्या पोलादाचा बार हवा म्हणून. आता ईएन 8 आणि ईएन 24 शेजारी शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. टोकाला रंग मारलेला असतो, त्यावरून ओळखायचं. म्हणून बार कापायचा तो नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून. मी त्या आठवड्यात कधीतरी पेंगत पेंगत रंगाचंच टोक कापून दिलं होतं, आणि उरलेला बार बिननावाचा होऊन रॅकवर पडला होता. तोच ईएन 24 समजून उचलून दिला. टर्निंग झालं, माल हार्डनिंगला गेला, आणि हार्डनेस काही केल्या येईना. त्या बारातून निघालेले सगळे शाफ्ट भंगारात.

मालक सगळ्यांसमोर ओरडले, "झोपला होतास काय?"

तेच तर. मी झोपलो नव्हतो. जेवल्यापासून तीन चहा ढोसून, तोंडावर पाणी मारून नेटाने जागा होतो. पंधरा मिनिटं आडवा झालो असतो तर ते शाफ्ट वाचले असते. उघड्या डोळ्यांनीही मेंदू काही सेकंद बंद पडतो, आणि ज्याचा पडतो त्याला पत्ताही नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याच शॉपात वडगावचा एक टर्नर होता, विणकराच्या घरातला. डबा खाल्ला की लेथमागे खोक्याचा पुठ्ठा अंथरायचा, कॉटन वेस्टचं गाठोडं उशाला घ्यायचा, तोंडावर पंचा टाकायचा. भोंगा व्हायच्या आधी आपोआप उठून हात धुऊन उभा. आम्ही सगळे त्याला हसायचो. शाफ्टचं प्रकरण झालं त्या संध्याकाळी तो मला म्हणाला, "झोपेला तिचं देऊन टाकायचं बघ. नाहीतर ती मापात घेते की."

दुसऱ्या दिवसापासून मी स्टोअरच्या मागच्या बाकड्यावर आडवा व्हायला लागलो. पहिले चार दिवस लाजेनेच झोप आली नाही.

या झापडीचं खापर तू भातावर फोडलंयस. भरपेट भात-आमटीने सुस्ती वाढते हे खरं, पण मूळ तिथं नाही. दुपारी एक ते तीनच्या आसपास शरीराच्या घड्याळातच उतार असतो. उपाशी राहिलीस तरी तो येणार. त्यात तू रात्री साडेअकराला पाठ टेकतेस आणि खानापूरहून पहिली बस गाठायला पाचला उठतेस. म्हणजे साडेपाच तास. मोठ्या माणसाला किमान सात लागतात. शिवाय दिवसभर साहेबांशी कन्नड, मेल इंग्रजीत, आणि डोक्यातली बेरीज मराठीत. ही दमणूक कुठल्या रजिस्टरात चढत नाही, पण होते.

दुसरं व्हाउचर चेन्नईचं. तिथं 452 गरीब कष्टकऱ्यांना डेटा एंट्रीच्या कामाला लावून त्यांची झोप मोजली, मनगटावर यंत्र बांधून. 2021 साली ते छापून आलं. माणसं आठ तास अंथरुणावर असायची आणि झोप व्हायची तुझ्याएवढीच, साडेपाच तास, तीही तुटक तुटक. काहींना मदत आणि साधनं देऊन रात्रीची झोप 27 मिनिटांनी वाढवली. कामात काही फरक दिसला नाही, मनःस्थितीतही नाही. पण ज्यांना कामाच्या जागीच दुपारी अर्धा तास झोपायची सोय करून दिली, त्यांचं लक्ष सुधारलं, कामाचा वेग सुधारला आणि मनही बरं राहिलं. मात्र झोपेत गेलेला वेळ कामाच्या तासांतून वजा झाला, म्हणून दुपारभर न थांबता काम करणाऱ्यांपेक्षा कमाई वाढली नाही. नुसती सुट्टी घेऊन बसून राहिलेल्यांपेक्षा मात्र झोपलेले पुढे होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण डुलकीने सोनं पिकतं असं कुणी तुला सांगितलं तर हिशोब माग.

म्हणून कामाचा वेळ कापू नकोस, लंचचाच वापर. 1948 च्या कारखाना कायद्यात सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असं होतं, आणि तिला कायद्याने विश्रांतीच म्हटलं होतं, मोबाइल बघायची वेळ नव्हे. बारा-पंधरा मिनिटांत डबा खा, उरलेल्या वेळात डोळे मीट. आडवं व्हायला जागा नसेल तर टेबलावर हात दुमडून त्यावर डोकं टेक, ओढणी डोळ्यांवर घे. झोप लागलीच पाहिजे असा हट्ट नको. ऑस्ट्रेलियात 2006 साली पाच, दहा, वीस आणि तीस मिनिटांच्या डुलक्या ताडून पाहिल्या होत्या, त्यात दहा मिनिटांची सरस ठरली. तीसवाले उठल्यावर काही वेळ उलट जास्त गुंगीत होते. गाढ झोपेतून मध्येच उठवलं की असं होतं. तेव्हा गजर लाव, वीस मिनिटांच्या पुढे जाऊ नकोस.

चहा घ्यायचाच तर डोळे मिटायच्या आधी घे. तो चढायला तेवढीच मिनिटं लागतात, उठशील तेव्हा कामाला येतो. पाचचा चहा मात्र बंद. त्यातला निम्मा अंमल रात्री दहालाही अंगात असतो.

आता तुझी खरी चूक. दुपारी जागी राहतेस आणि संध्याकाळच्या बसमध्ये झोपतेस. पिरनवाडी मागे पडली की तुझी मान खिडकीला, ती खानापूर स्टँडवर कंडक्टर "इळीरी" (उतरा) म्हणून ओरडेपर्यंत. त्या झोपेने रात्रीच्या झोपेची भूक मेली, म्हणून साडेअकरापर्यंत डोळा लागत नाही. तिन्हीसांजेला झोपलं की लक्ष्मी जाते असं तुझी आजी म्हणते ना? लक्ष्मीचं मला माहीत नाही, रात्रीची झोप नक्की जाते. बसमध्ये उभी राहा, गाणी ऐक, शेजारणीशी भांड, पण झोपू नकोस.

आजी दिवसा झोपण्यावरही आयुर्वेद काढते असं लिहिलंयस. चरकसंहितेत उन्हाळा सोडून दिवसा झोपू नये असं आहेच. पण त्याच अध्यायात अपवादही आहेत: अभ्यासाने थकलेले, कामाने, ओझं वाहून, वाट चालून थकलेले. आणि बसल्या बसल्या घेतलेल्या डुलकीला दोष दिलेला नाही. आजीला हे हळूच सांग, वाद घालू नकोस.

एक गोष्ट मात्र डुलकीवर सोडू नकोस. रविवारी दोन-तीन तास झोपूनही उठावंसं वाटत नसेल, जेवण जात नसेल, रडू आठवड्यातून चार-पाचदा येत असेल, तर ते नुसतं झोपेचं दुखणं नसावं. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, आपल्याकडच्या पोरींचं तिथंच बरंच सापडतं. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडची मानसिक आरोग्य संस्था आहे. बसने दोनेक तास. एकटीने जायला अवघड वाटलं तर मी येतो बरोबर, काकूला घेऊन. कुणाला काही सांगायची गरज नाही.

साहेबांना विचारायला भीती वाटते म्हणतेस. परवानगी झोपायची मागूच नकोस. रेकॉर्ड रूमची किल्ली माग, लंचनंतर पंधरा मिनिटं डोळे मिटून बसते म्हणून सांग. महिनाभराने तुझ्या एंट्रीतल्या चुका मोजून त्यांना दाखव. वाढल्या असतील तर किल्ली परत दे.

पुढच्या रविवारी बेळगावात शनिवार खुटाकडे येणार आहेस तर घरी ये, काकू कुंदा आणून ठेवणार आहे. फक्त एक ते दीडच्या मध्ये बेल वाजवू नकोस. मी झोपलेला असतो.

तुझा,
काका