पोटचं पोर चर्चला यायचं थांबतं तेव्हा

सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती घरांतली एक काळजी माझ्याकडे फिरून फिरून येते. मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला जातो आणि एखाद्या नाताळला घरी येऊन सांगून टाकतो, "मी उपासनेला येणार नाही. माझा विश्वासच राहिला नाही." काही दिवसांनी आई माझ्यासमोर बसलेली असते. पहिला प्रश्न ठरलेला : "आमचं कुठं चुकलं?"

अशाच एक निवृत्त सिस्टर आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत दवाखाना काढला, त्यानंतर इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नर्सिंग पिढ्यान् पिढ्या चालत आलं, सिस्टरही त्यातल्याच. बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन त्यांना टोचत होतं : मुलाला योग्य वळण लाव, म्हणजे म्हातारपणीही तो ते सोडणार नाही. "म्हणजे मी वळण लावलंच नाही, असंच ना?"

मी म्हटलं, नीतिसूत्रं हा शहाणपणाचा सल्ला आहे, हमीपत्र नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात, उधळ्या मुलाची गोष्ट आहे, त्यातल्या बापाने काय कमी केलं होतं? तरी धाकटा घर सोडून गेलाच. आणि त्याच अध्यायात हरवलेल्या मेंढराच्या मागे मेंढपाळ रानात जातो, पण मुलाच्या मागे बाप जात नाही. सिस्टरांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

घरातल्या एकाचा म्हणून जो प्रश्न येतो, तो बहुतेक वेळा दोघांमधल्या बोलण्यात अडकलेला असतो, असं माझं मत आहे. म्हणून पुढच्या खेपेला विचारलं, "तुमचं दोघांचं बोलणं कसं चालतं?"

त्यांनी मोबाइल पुढे केला. रोज सकाळी एक वचन, गुलाबाच्या नाहीतर सूर्योदयाच्या चित्रावर. खाली निळ्या खुणा, उत्तर नाही. वर सरकवता सरकवता मध्येच मुलाची एक ओळ दिसली : 'मम्मी, ताप उतरत नाहीये, प्लेटलेट कमी झाल्यात.' त्याखाली सिस्टरांचं उत्तर : आणखी एक वचन.

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, एवढं श्रेय घेते. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. "उभा जन्म वॉर्डात काढला मी," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाचा असता तर आधी विचारलं असतं, किती आहेत, कुठं दाखवलंस."

त्यानंतर त्या खऱ्या रडल्या. माझ्या लेखी गाठ तिथे सुटली. तोवर त्यांचं दुःख उपदेश होऊन मुलाच्या दारात जात होतं. त्या दुःखाला रडायला वेगळी जागा हवी होती. ती मुलाच्या फोनवर नको. देवापुढे, एखाद्या मैत्रिणीपुढे असू दे. 13वं स्तोत्र 'परमेश्वरा, कुठवर?' याच प्रश्नाने सुरू होतं. विश्वास आहे म्हणून रडू नये, असं बायबल कुठेच म्हणत नाही.

संत ऑगस्टिनच्या आईची, मोनिकेची गोष्ट अशा आयांना सगळेच सांगतात : मुलगा विश्वासापासून दूर गेला, आई रडत राहिली आणि ऑगस्टिनने 387 साली बाप्तिस्मा घेतला. आयांना शेवट तेवढा ऐकू येतो, म्हणून मी मधला भाग सांगते. मुलाशी वाद घालून त्याला पटवा, असं तिने एका बिशपला विनवलं, तेव्हा त्याने नकार दिला. आत्ता तो ऐकणार नाही, त्याला राहू दे, तू प्रार्थना कर, एवढंच म्हणाला.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये हिंदू धर्म सोडून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या घरी हाच आकांत झाला. हे सांगितलं तशा सिस्टर म्हणाल्या, "आमच्या आजेसासऱ्यांच्या आईने तर मुलगा जिवंत असताना त्याच्या नावाने आंघोळ केली होती." आणि त्यांना हसू आलं.

मुलगा आता सुटीला येतो. चर्चला येत नाही. आईच्या हातची सुकट मात्र दोनदा मागून घेतो. जेवणाआधीची प्रार्थना बंद करू नका, असं मी सांगितलंय. फक्त त्याला ऐकू जावं म्हणून देवाला काही सांगू नका, तो टोमणाच होतो.

"मग साक्ष द्यायचीच नाही? आपल्या विश्वासाबद्दल त्याला काही सांगायचंच नाही?" सिस्टरांनी विचारलं.

"त्याने विचारलं तर द्या. दोन वाक्यांत. तिसरं तोंडात आलं तर त्याला भाजी वाढा."