एकट्याने राहताना रोजची साधी भाजी चवीची कशी करावी?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी पुण्यात येऊन चार महिने झाले, पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणता, वरण-भाताचा कुकर लावता येतो, पण भाजी काही जमत नाही. कधी पाणचट होते, कधी करपते. कांदा-टोमॅटो परतून तयार मसाला घातला की गवार काय, दुधी काय आणि कोबी काय, सगळं एकाच चवीचं लागतं. मग आठवड्याच्या मध्येच कंटाळून बाहेरून मागवता.

हे वाचलं आणि मला माझेच दिवस आठवले. २००४ साली मी सोलापूरहून आलो तेव्हा नारायण पेठेत एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहायचो. खोलीत एक शेगडी, एक हिंडालियमची कढई आणि आईने बांधून दिलेलं काळं तिखट. आज घरात चौघं आहोत आणि रोजची भाजी माझ्याकडे असते. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे, ती आधी सांगतो. मसाल्याचा विचार नंतर करा. समोरची भाजी स्वतःचं किती पाणी घेऊन आली आहे, ते पाहा. काही भाज्या आपल्याच पाण्यात शिजतात, काहींना वाफ द्यावी लागते आणि काहींना पाण्याचा थेंबही सोसत नाही. तुमची भाजी पाणचट होते किंवा करपते ती इथेच.

मला हे गवारीने शिकवलं. नवीन होतो तेव्हा एकदा पावशेर गवार आणली, फोडणीत टाकली आणि घरची आंबटगोड चव आठवून चिंचेचा कोळ सुरुवातीलाच ओतला. पाऊण तास झाला तरी शेंग दाताखाली करकरत होती. गॅस संपेल की काय या काळजीत मी झाकण उघडून पुन्हा पुन्हा पाणी घालत होतो. घरमालकीण आजी दारावरून चालल्या होत्या, वासाने थांबल्या.

"चिंच कधी घातलीस रे?"

"फोडणीतच घातली आजी."

"मग ती आता कशी शिजेल? आंबट नेहमी शेवटी. भाजी बोटाने दाबली जायला लागली की मग."

कारण मला पुढे कळलं. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर सुटत नाही, त्यामुळे भाजी मऊच पडत नाही. बटाट्याचंही तसंच. टोमॅटोच्या रश्श्यात कच्चा बटाटा घालून पाहा, दुप्पट वेळ घेतो. शिवाय आंबटामुळे हिरवा रंग जाऊन भाजी मळकट दिसते ते वेगळंच. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो, दही, लिंबू यांची पाळी भाजी शिजल्यावर.

दुसऱ्या दिवशी आजींनी मला शेजारी उभं करून गवार करायला लावली. शेंगा दोन्ही टोकांकडून मोडून शिरा काढल्या आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. फोडणीत ओवा चुरडून घातला, कारण गवार वातूळ. शेंगा टाकून दोन मिनिटं परतल्यावर पाण्याचा नुसता हबका मारला आणि कढईवर खोलगट ताटली ठेवून तिच्यात वाटीभर पाणी ओतलं. गॅस बारीक. मला वाटलं, हे पाणी कशाला? पाच मिनिटांनी त्यांनी फडक्याने ताटली उचलली तेव्हा तिच्या बुडाला थेंबच थेंब लागले होते आणि टपटप कढईत पडत होते. वरच्या पाण्यामुळे ताटली वाफेइतकी तापत नाही, म्हणून आतली वाफ तिच्या बुडाला लागून पुन्हा पाणी होते आणि भाजीतच उतरते. भाजी स्वतःच्या वाफेवर शिजते, बुडाला लागत नाही, आणि पाणी मोजावं लागत नाही. मध्येच कोरडी वाटली तर ताटलीतलंच पाणी दोन चमचे घालायचं, ते तोवर चांगलं कढत झालेलं असतं. गार पाणी ओतलं की कढई एकदम निवते आणि शिजणं तिथंच थांबतं.

पंधरा मिनिटांनी शेंग दाबून पाहिली, मग मीठ, चमचाभर गोडा मसाला, सुपारीएवढा गूळ, थोडा चिंचेचा कोळ आणि मूठभर दाण्याचं कूट. दोन मिनिटं झाकण, की झालं. फरसबी, तोंडली, बटाट्याच्या काचऱ्या, फ्लॉवर, सगळ्यांना हीच ताटलीची वाफ. आवाज ऐकायची सवय लावा. झाकणाखाली बारीक चरचर चालू असेल तर ठीक, तडतड वाढली की पाणी संपत आलं आहे.

फोडणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण साध्या भाजीत वास येतो तो तिथूनच. पावशेर भाजीला चहाचे दोन चमचे तेल पुरतं, शेंगदाण्याचं असेल तर उत्तम. तेल तापलं का ते पाहायला मोहरीचे चार दाणे टाका. लगेच तडतडले तर बाकीची घाला, तळाशी गप्प बसले तर थांबा. मोहरी पूर्ण तडतडू द्या. न फुटलेली मोहरी दाताखाली कडवट लागते आणि तिचा वास तेलात उतरत नाही. तडतड मंदावली की जिरं, मग हिंग, गॅस बारीक करून हळद, आणि हळदीमागोमाग लगेच भाजी. हळद आणि तिखट एका क्षणात करपतात, म्हणून भाजी आधी चिरून हाताशी ठेवा. मी पहिल्या वर्षी फोडणी करून मग कांदा चिरायला बसायचो, तशी काळी फोडणी बहुतेक नवीन माणसं खातात. त्यापेक्षा गॅस बंद करणं बरं.

आता आपलं पाणी आपण आणणाऱ्या भाज्या. दोडका, दुधी, पडवळ, कोबी, पालक. यांच्यात पाणी घातलं की पाणचट होणारच. दोडक्याला फोडणीत टाकल्यावर लगेच मीठ घाला, मीठ त्याचं पाणी ओढून काढतं आणि त्याच पाण्यात तो आठ-दहा मिनिटांत शिजतो. अर्धा तास भिजवलेली मुगाची डाळ दोन चमचे सोबत घातली तर ती ते पाणी पिऊन टाकते आणि भाजी आळते. दुधीला नि पडवळाला हरभऱ्याची डाळ जास्त शोभते, फक्त ती दोन तास तरी भिजलेली हवी. कोबीही असाच, पण त्याला झाकण पुरतं पाच मिनिटं. जास्त शिजलेल्या कोबीला जो उग्र वास येतो त्यानेच लोक कोबीला नावं ठेवतात.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. दुधी किंवा दोडका चिरल्यावर छोटासा तुकडा कच्चा चाखा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खं फळ फेकून द्या. शिजवून तो कडूपणा जात नाही, आणि कडू दुधीने उलट्या-जुलाब होऊन माणसाला दवाखान्यात न्यावं लागतं. दहा-वीस रुपयांकडे पाहू नका.

पालेभाज्यांचं मीठ मात्र शेवटी. मेथीची जुडी निवडून, धुऊन, मग चिरून कढईत टाकता तेव्हा ती कढईच्या वर येते. त्या ढिगाकडे बघून मीठ घातलं की संपलं, कारण चार मिनिटांत तिची मूठभर भाजी होते आणि मीठ तेवढंच राहतं. लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून तेलात तांबूस करा, सुकी मिरची मोडून टाका, मेथी घाला आणि झाकण न ठेवता परता. झाकलं की रंग जातो. माठ, चवळई, राजगिरा हेही असेच, हवा तर कांदा घाला. शेपू मुगाच्या डाळीशिवाय करू नका, डाळीने त्याचा वास सौम्य होतो. ज्यांना शेपू आवडत नाही त्यांना मी असाच खाऊ घातला आहे.

भेंडी तिसऱ्या जातीची, पाणी न सोसणारी. अख्खी धुवा, फडक्याने एकेक कोरडी पुसा आणि मगच चिरा. सुरीही कोरडी. पसरट कढई घ्या, तेल चमचाभर जास्त, गॅस मध्यम आणि झाकण अजिबात नाही. सुरुवातीला तार सुटेल, घाबरून ढवळत बसू नका, अधूनमधून उलथन्याने फक्त उलटा. तार कमी झाली की दोन आमसुलं टाका, उरलीसुरली तीही जाते. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटून सगळा चिकट गोळा होतो. कारल्याचं उलट आहे. त्याचं पाणी मुद्दाम काढायचं. पातळ काप करून मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, मग तेलावर परता आणि थोडा गूळ घाला.

गोड्या मसाल्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. पुण्यात तो घराघरांत असतो, धणे, तीळ, सुकं खोबरं आणि दगडफूल यांचा तो वास मलाही आता घरचाच वाटतो. पण तो गवार, वांगी, तोंडली, आमटी यांना द्या. लाल भोपळ्याला तेलात मेथीदाणे तांबूस करून, सुकी मिरची आणि गूळ, एवढंच लागतं. भेंडीला, दोडक्याला, मेथीला मसाला नकोच. आमच्या सोलापूरकडे कूट आणि काळं तिखट सढळ हाताने पडतं, इकडे ओलं खोबरं आणि चिमूटभर साखर. मी दोन्ही करतो, एका भाजीत दोन्ही करत नाही. सगळ्या भाज्या सारख्या लागण्यावर हाच उपाय आहे, तयार मसाल्याची पुडी महिनाभर कपाटात ठेवा.

ऑफिसहून उशीर झाला की पीठ पेरून भाजी करा. सिमला मिरची, कांद्याची पात किंवा मुळ्याचा पाला फोडणीत परतला की तीन-चार चमचे बेसन हाताने भुरभुरायचं, वर पाण्याचा हबका, झाकण, पाच मिनिटांनी खालून वर मोकळी करायची. पीठ कच्चं राहता कामा नये, भाजल्याचा खमंग वास आला पाहिजे.

आणि ताटाची डावी बाजू विसरू नका. भाजी अगदी साधी असली तरी शेजारी कोशिंबीर असली की जेवण भरल्यासारखं वाटतं. गाजर किसून लिंबू, कूट, मीठ, साखर, वरून हिंग-मोहरीची फोडणी, दहा मिनिटांचं काम. काकडी किसू नका, चोचवा. म्हणजे काकडी हातात धरून सुरीने उभे-आडवे बारीक घाव घालत तुकडे पाडायचे. त्याला कूट, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि तुपात जिऱ्याची फोडणी. मीठ पानावर बसताना घाला, आधी घातलं तर वाटीत काकडीपेक्षा पाणी जास्त.

भाजी आणायला सुट्टीच्या दिवशी एकदा तरी महात्मा फुले मंडईत जा. ती दगडी इमारत १८८६ पासून उभी आहे, आत शिरल्यावर वर छताकडे जरूर पाहा. गवारीची शेंग वाकवली की मोडली पाहिजे, नुसती वाकली तर जून. दुधीला नख सहज रुतलं पाहिजे. मेथी लहान पानांची घ्या. मटार थंडीत आला की पोतं भरून घ्यावासा वाटतो, पण एकट्या माणसाने अर्धा किलोच घ्यावा. कुठली भाजी कोवळी आहे ते विकणाऱ्या मावशींनाच विचारा, "एकट्यापुरती हवी आहे, आज काय नेऊ?" असं विचारलं की त्या बहुतेक वेळा खरं सांगतात.

उद्या सुरुवात करायची तर दोडक्याने करा, तो सगळ्यात कमी त्रास देतो. सोलताना निघालेल्या शिरा टाकू नका. त्या बारीक चिरून तेलावर बारीक गॅसवर कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात दोन चमचे तीळ आणि किसलेलं सुकं खोबरं भाजून घ्या, गॅस बंद करून मीठ आणि तिखट मिसळा. ही चटणी गार झाल्यावर बाटलीत भरा, आठवडाभर पोळीशी पुरते.