फ्रीस्टाइल स्नोबोर्ड कोणता घ्यावा?

प्रश्न : गुलमर्गला दोन हिवाळे स्नोबोर्डिंग शिकलो. आता उड्या आणि फिरक्यांसाठी स्वतःचा बोर्ड घ्यायचा आहे. वजन ६८ किलो, बूट १० नंबर. हनुवटीपर्यंत येईल तो बोर्ड बरोबर का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : हनुवटीचं माप विसरा. बोर्ड वाकतो तो वजनाने, उंचीने नाही. तुमच्या वजनाला १५० ते १५४ सेंमी पुरे. तरी त्या मॉडेलचा वजनाचा तक्ता पाहाच.

खरी चूक होते ती रुंदीत. १० नंबरचा बूट अरुंद बोर्डाबाहेर येतो, वळताना टाच किंवा बोटं बर्फात घासतात आणि माणूस आपटतो. म्हणून कमरेची (बोर्डाच्या मधल्या, सर्वांत अरुंद भागाची) रुंदी साधारण २५६ ते २६० मिमी असलेला ‘वाइड’ बोर्ड घ्या. दुकानात बूट बाइंडिंगमध्ये (बूट बोर्डाला धरून ठेवणाऱ्या पकडीत) अडकवून खालून बघा : दोन्ही बाजूंना सारखाच, एक-दोन सेंमी बाहेर आलेला चालतो.

आकार ट्विन हवा, म्हणजे दोन्ही टोकं सारखी. उलट्या पायाने, म्हणजे नेहमीचा मागचा पाय पुढे ठेवून, उतरताना फरक जाणवत नाही. लवचिकता दहापैकी ४-५ (१ म्हणजे सर्वांत मऊ, १० म्हणजे सर्वांत कडक). त्याहून मऊ बोर्ड वेगात थरथरतो.

एक अडचण सांगायलाच हवी. गुलमर्गच्या खोल, भुसभुशीत बर्फात ट्विनचं नाक बुडतं. अशा दिवशी दोन्ही बाइंडिंग दोन-तीन सेंमी मागे सरकवा.

आणि नागपूरचा उन्हाळा! पत्र्याखालच्या माळ्यावर बोर्ड ठेवू नका. कडा कोरड्या पुसा, तळाला मेणाचा जाड थर द्या आणि घरातल्या थंड खोलीत ठेवा.